पाखरांचा सांगाती : कोनराड लोरेन्झ

खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडे हे गाव वसले आहे. उत्तरेस डोंगराची निळी रांग, दक्षिणेस तापी नदी आणि मधल्या काळ्याभोर जमिनीत केळीच्या बागा, असा हा मुलूख. येथील खेड्यांतून अंगणात कोंबड्या बाळगणारी घरे पुष्कळ आहेत. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे घरातील बायामाणसे टोपलीत गवत अंथरून तिच्याखाली अंडी मांडतात आणि दिवस मोजू लागतात. एकविसाव्या दिवशी टोपलीतून बारीक चिवचिव ऐकू येऊ लागली, की घरातील मुलांचे अभ्यासावरून लक्ष उडते.

क्वचित एखादा हौशी गृहस्थ कोंबडीच्या अंड्यांबरोबर बदकाचीही चारदोन अंडी मांडतो. बदकाच्या अंड्याला उबेचे अठ्ठावीस दिवस लागतात. म्हणून जाणता माणूस बदकाची अंडी आधी आठवडाभर मांडून ठेवतो आणि मग त्यांत कोंबडीची अंडी मिळवतो. म्हणजे सारी पिले बरोबरीने बाहेर पडतात. पुढे काही दिवसांनी मोठी गंमत होते. पाण्याचे डबके दिसताच बदकाची पिले त्यात धडाधड उड्या घेतात आणि बिचारी कोंबडी काठावरून आकांत करीत येरझाऱ्या घालते. पण पाण्यातून निघाल्यावर तीच पिले पुन्हा त्या कोंबडीच्याच मागे रांगेने चालू लागतात. तिची चोच वेगळी, पाय वेगळे, भाषा वेगळी. तरी ती तिलाच आई का मानतात?

हा प्रश्न हजारो वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर अंगणात फिरत होता. ज्यांनी तो उचलून धरला आणि त्याच्या उत्तरासाठी स्वतःच बदकांच्या पिलांची आई होण्याचे पत्करले, त्या कोनराड लोरेन्झ यांची ही हकिकत आहे.

कोनराडचा जन्म ७ नोव्हेंबर १९०३ रोजी ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना येथे झाला. त्याचे वडील अडोल्फ लोरेन्झ हे अस्थिरोगांचे नामांकित वैद्य होते. जन्मतःच ज्या बालकांचा खुब्याचा सांधा निखळलेला असे, त्यांचा तो सांधा शस्त्र न लावता केवळ हातांनी बसवण्याची त्यांची रीत जगभर गाजली होती. त्यांनी व्हिएन्नापासून जवळच डॅन्यूब नदीच्या काठी आल्टेनबर्ग या गावी प्रशस्त घर बांधले होते. घराभोवती बाग, बागेपलीकडे कुरणे, आणि कुरणांपलीकडे नदीच्या पुराने भिजणारे दाट रान. थोरला भाऊ आल्बर्ट अठरा वर्षांनी मोठा. त्यामुळे कोनराडला घरात खेळगडी असा नव्हताच. ती उणीव त्याने मासे, बेडूक आणि पाखरे यांनी भरून काढली.

एकदा वडिलांनी रानातून ठिपक्याठिपक्यांचा एक सॅलमँडर आणून दिला. हा पालीसारखा दिसणारा, पण बेडकाच्या गोत्रातला ओलसर अंगाचा प्राणी. पाच दिवसांनी तो परत सोडून द्यावा, अशी अट होती. पण त्या मुदतीतच त्या सॅलमँडरला चव्वेचाळीस पिले झाली. कोनराडची दाई रेसी ही शेतकऱ्याची मुलगी. मुकी जनावरे वाढवण्याचे कसब तिच्या हातांत उपजतच होते. चव्वेचाळीसांपैकी बारा पिले तिने पूर्ण वाढीस लावली. आपले पहिले गुरुत्व लोरेन्झ यांनी पुढे मोकळ्या मनाने या रेसीलाच दिले. मोठमोठ्या विद्यापीठांतील पंडितांची नावे घेताना आपल्या दाईला न विसरणे ही साधी गोष्ट नव्हे.

याच सुमारास स्वीडिश लेखिका सेल्मा लागरलोफ यांचे एक पुस्तक कोनराडला घरात वाचून दाखवण्यात आले. निल्स नावाचा एक मुलगा रानहंसांबरोबर देशभर उडत जातो, अशी ती कथा. ती ऐकून कोनराडने ठरवले, की आपणही रानहंस व्हायचे. ते जमणारे नाही असे उमगल्यावर, निदान एक हंस तरी बाळगायचा, असा हट्ट त्याने धरला. आईला भाजीच्या वाफ्यांची काळजी. तिने हंसाला नकार दिला. शेवटी पाळीव बदकांवर तडजोड झाली.

शेजाऱ्याने त्याला बदकाचे एका दिवसाचे पिलू दिले. त्या पिलाने कोनराडलाच आई मानले. तो चालला की ते तुरुतुरु मागे येई, तो थांबला की थांबे, आणि तो दिसेनासा झाला की केविलवाणे ओरडू लागे. शेजारच्या मळेवाल्याची मुलगी ग्रेटल त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी होती. तिलाही बदकांचे वेड. दोघे मिळून तासन् तास बदकांच्या मागे हिंडत, त्यांच्यासारखे आवाज काढीत आणि कोणता आवाज केव्हा निघतो हे ध्यानात ठेवीत. पुढे लोरेन्झ विनोदाने म्हणत, की त्या दिवसांत पिलावर जसा माझा ठसा उमटला, तसा माझ्यावरही पाणपक्ष्यांचा कायमचा उमटला. १९२७ साली त्यांनी याच ग्रेटलशी विवाह केला.

शिक्षणाच्या बाबतीत वडिलांचे मत ठाम होते. मुलाने वैद्यच व्हावे. १९२२ साली कोनराडला अमेरिकेत न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात पाठवण्यात आले, पण थोड्याच महिन्यांत तो परतला आणि व्हिएन्नात वैद्यक शिकू लागला. १९२८ साली त्याने ती पदवी मिळवली. मात्र शवविच्छेदन शिकताना त्याच्या मनात वेगळाच विचार घोळू लागला होता. निरनिराळ्या प्राण्यांची हाडे शेजारी शेजारी मांडून त्यांचे नाते ठरवता येते. मग त्यांच्या वागण्याच्या रीती तशाच मांडून का पाहू नयेत? बदक मान कशी झुकवते, हंस नमस्कारासारखी लांब मान कशी पुढे करतो, याही गोष्टी हाडांसारख्याच वंशपरंपरेने आलेल्या असतील. १९३३ साली त्यांनी प्राणिशास्त्रातील दुसरी पदवीही घेतली.

विद्यार्थिदशेतच त्यांनी एका दुकानातून जॅकडॉ जातीचे पिलू विकत आणले होते. जॅकडॉ म्हणजे युरोपातील लहान चणीचा, राखी मानेचा कावळा. त्या एकाचे पुढे घराच्या माळ्यावर मोठे खटले झाले. माणसाळलेला जॅकडॉ लोरेन्झ यांना आपल्याच जातीचा समजून चोचीतून किडे भरवू पाही. त्यांनी तोंड मिटून घेतले, तर कुसकरलेल्या किड्यांचा तो घास त्यांच्या कानात कोंबून मोकळा होई! पिलांच्या पायांत कडी अडकवताना ही पाखरे हल्ला करतात आणि मग त्या माणसावर कायमचा दात धरतात, हे ठाऊक असल्यामुळे लोरेन्झ शिंगे व शेपटी असलेला सैतानाचा वेष चढवून छपरावर चढत. रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांना काय वाटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आल्टेनबर्गच्या त्या घरात पिंजऱ्यांचा उपयोग उलटा होता. पाखरे मोकळी असत. आणि लहानगी मुलगी बागेत एकटी राहणार असली, की मोठ्या पक्ष्यांपासून ती सुरक्षित राहावी म्हणून तिलाच पिंजऱ्यात ठेवीत. एका काकाकुव्याने तर म्हातारे वडील बागेत झोपले असता त्यांच्या कपड्यांची सारी बटणे कुरतडून काढली आणि जमिनीवर व्यवस्थित मांडून ठेवली. या सगळ्याचा भार कोणी सोसला, असे विचाराल तर उत्तर एकच : ग्रेटल. ती स्वतः वैद्य झाली होती. पती बिनपगारी पाखरांमागे हिंडत असताना रुग्णालयात काम करून तिने संसार चालवला. थोरांच्या चरित्रांतून अशा माणसांना दोन ओळीच मिळतात. येथेही त्याहून फार मिळणार नाहीत, याची खंत वाटते.

बर्नहार्ड हेल्मान या नावाचा कोनराडचा एक बाळमित्र होता. शाळेच्या दिवसांत दोघे मिळून डबक्यांतील सूक्ष्म जीव पकडून काचपात्रांत वाढवीत. जॅकडॉविषयी लिहिलेल्या रोजनिशीचे मोल याच मित्राने ओळखले. त्याच्या आणि ग्रेटलच्या खटपटीने ती बर्लिनचे थोर पक्षिशास्त्रज्ञ ऑस्कर हाइनरोथ यांच्याकडे पोहोचली आणि १९२७ साली छापून आली. हे हेल्मान यांचे नाव ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

यंत्रात उबवलेली हंसाची पिले प्रथम माणूस दिसला तर माणसालाच आई मानतात, हे हाइनरोथ यांनी १९११ साली लिहून ठेवले होते. त्याही आधी, १८७३ साली, डग्लस स्पॉल्डिंग या इंग्रज अभ्यासकाने कोंबडीच्या पिलांविषयी तसेच काही नोंदले होते. लोरेन्झ यांनी हा धागा हाती घेतला आणि आपल्या घरी कलहंसांची व बदकांची अंडी उबवण्यास आरंभ केला.

घरी अंडी उबवणे हे दिसते तितके सोपे नाही. अंड्याला साधारण साडेसदतीस अंश ऊब अखंड लागते. हवा फार कोरडी झाली तर कवचाखालचा पापुद्रा चिवट होऊन पिलू आतच अडकते. आई चोचीने अंडी उलटीसुलटी करीत असते. म्हणून यंत्रातली अंडीही दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. दिवस भरत आले, की अंड्याला कान लावल्यास आतून टकटक ऐकू येते. चोचीच्या टोकावरील एका टणक कणाने पिलू कवचाला भोक पाडते. मग थांबते, विसावा घेते, पुन्हा टोचते. पुष्कळदा पुरा एक दिवस असा जातो. पाहणाऱ्याचा हात मदतीसाठी शिवशिवतो, पण घाईने कवच सोलले तर पिलाला रक्तस्राव होतो. बाहेर आलेले पिलू ओलेचिंब, दीनवाणे दिसते. काही तासांत पिसे वाळून फुलली, की तोच जीव सोनेरी लोकरीचा गोळा होतो. आईविना वाढणाऱ्या पिलाला लगेच खोल पाण्यात सोडणेही घातक. त्याची पिसे भिजतात आणि ते गारठून मरते.

कलहंसाचे असे एक अंडे फुटताना लोरेन्झ शेजारी बसून पाहत होते. पिलू बाहेर आले, त्याने मान वाकडी करून एका डोळ्याने त्यांच्याकडे बराच वेळ निरखून पाहिले. ते किंचित हलले व बोलले, तेव्हा पिलाने मान लांब करून हंसांच्या रीतीप्रमाणे त्यांना अभिवादन केले. पुढे त्यांनी ते पिलू पाळीव हंसिणीच्या पंखाखाली सरकवून दिले आणि आपले काम झाले असे समजून ते निघाले. क्षणभरातच पिलू पंखाखालून बाहेर पडले आणि रडत, अडखळत त्यांच्या मागे धावत आले. त्या एवढ्याशा जिवाला नीट उभेही राहता येत नव्हते. लोरेन्झ यांनी त्याला उचलून घेतले आणि मार्टिना असे नाव दिले. मार्टिना त्यांच्या खोलीत निजे. रात्री मधूनमधून जागी होऊन ती बारीक आवाजात साद घाली. म्हणजे तू कोठे आहेस, असे विचारी. झोपेतून उठून हंसाच्या भाषेत उत्तर द्यावे लागे. उत्तर मिळाले नाही, तर आक्रोश सुरू. लहान बाळाच्या आईला रात्रभर जे जागरण घडते, तेच या शास्त्रज्ञाच्या वाट्याला आले.

मालार्ड या हिरव्या डोक्याच्या रानबदकांची गोष्ट मात्र निराळी निघाली. त्यांची पिले माणूस पाहताच पळून कोपऱ्यात दडत. हंसाचे पिलू मुक्या माणसामागेही येते, मग हे का येत नाही? लोरेन्झ यांनी विचार केला. पांढरी गावठी बदकी दिसायला रानबदकीहून किती वेगळी, पण मालार्डची पिले तिच्यामागे जातात. मस्कोव्ही जातीच्या बदकीमागे जात नाहीत. गावठी बदकीत आणि रानबदकीत समान काय? रूप नव्हे, आवाज. मस्कोव्ही बदकी क्वॅक् क्वॅक् करीत नाही.

मग काय विचारता! पुढच्या खेपेस पिले अंड्यांतून निघाली, तसे लोरेन्झ बदकीसारखे अखंड क्वॅक् क्वॅक् करू लागले. पिले शांत झाली, आणि ते सरकू लागताच मागे आली. परंतु एक अडचण होती. ते उभे राहिले, की पिलांना आई हरवल्यासारखे वाटे व ती रडू लागत. क्षणभर आवाज थांबला, तरी रडणे सुरू. तेव्हा हा दाढीवाला विद्वान उकिडवा बसून, गुडघ्यांवर सरपटत, सारखा क्वॅक् क्वॅक् करीत कुरणात वेडीवाकडी वळणे घेऊ लागला. एकदा सहज मान वर केली, तो कुंपणापलीकडे सहलीला आलेल्या लोकांचे पांढरेफटक पडलेले चेहरे ओळीने दिसले. गवत उंच असल्यामुळे त्यांना पिले दिसत नव्हती. दिसत होता तो फक्त गवतातून रांगत बदकासारखा ओरडणारा एक भला मोठा माणूस!

हसू आणणाऱ्या या प्रयोगांतून महत्त्वाचे ज्ञान हाती आले. आपली आई कशी दिसते, हे हंसाच्या किंवा बदकाच्या पिलाला जन्मतः ठाऊक नसते. जन्मानंतरच्या थोड्या तासांत जो हलता, साद घालणारा जीव प्रथम समोर येतो, त्याची छाप त्याच्या मनावर उमटते आणि ती सहसा पुसली जात नाही. पाठांतराप्रमाणे हे शिकणे पुन्हापुन्हा करून होत नाही. ती वेळ टळली, की पुढे होतही नाही. नाण्यावर छाप पाडण्याच्या क्रियेला जर्मन भाषेत जो शब्द आहे, तोच लोरेन्झ यांनी या क्रियेला दिला. १९३५ साली त्यांनी यावर मोठा निबंध लिहिला. पुढे १९५० नंतर एकहार्ड हेस या संशोधकाने प्रयोग करून दाखवले, की मालार्डच्या पिलात ही छाप जन्मानंतर तेरा ते सोळा तासांच्या सुमारास सर्वांत पक्की बसते. चोपड्याच्या अंगणातील बदके कोंबडीमागे का चालतात, याचे उत्तर हे असे मिळाले.

१९३७ साली निको टिनबर्गन हे हॉलंडमधील तरुण शास्त्रज्ञ काही महिने आल्टेनबर्गला येऊन राहिले. दोघांची मने तत्काळ जुळली. लोरेन्झ कल्पनांचा धबधबा; टिनबर्गन प्रत्येक कल्पना प्रयोगाच्या तराजूत तोलून घेणारे. घरट्याबाहेर घरंगळलेले अंडे हंसीण चोचीखाली धरून हळूहळू परत ओढते, हे दोघांनी बारकाईने पाहिले. ती ओढू लागल्यावर अंडे मध्येच काढून घेतले, तरी हंसीण रिकामी चोच तशीच छातीपर्यंत ओढून नेते! म्हणजे ती हालचाल एकदा सुरू झाली, की पुरी झाल्यावाचून राहत नाही. मैत्रीचे ते दिवस दोघेही जन्मभर विसरले नाहीत.

यानंतरचा भाग सांगताना लेखणी अडखळते, पण तो गाळता येणार नाही.

१९३८ साली जर्मनीचा हुकूमशहा हिटलर याने ऑस्ट्रिया देश गिळंकृत केला. लोरेन्झ यांनी त्याचे स्वागत केले आणि ते हिटलरच्या नात्सी पक्षाचे सभासद झाले. रानटी हंसांच्या मानाने पाळीव हंस जड, खादाड व अंगभूत रीती विसरलेले असतात, हे त्यांनी पाहिले होते. त्यावरून त्यांनी १९४० च्या सुमारास असे लिहिले, की नागर जीवनाने माणसांचीही तशीच अवनती होते आणि हीन ठरलेल्या माणसांना समाजातून वेगळे काढले पाहिजे. हंसांवरून माणसांविषयी काढलेले हे अनुमान शास्त्राच्या कसोटीस उतरणारे नव्हते. शिवाय ज्या राजवटीत ते हे लिहीत होते, ती राजवट हीन हा शब्द लावून माणसांना ठार मारीत होती. ते १९४० साली कोनिग्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले. पण त्यांचा बाळमित्र बर्नहार्ड हेल्मान ज्यू होता. १९४३ साली सोबिबोर येथील छळछावणीत त्याची हत्या करण्यात आली. आणि टिनबर्गन? जर्मनांनी हॉलंड जिंकल्यावर तेथील विद्यापीठांतून ज्यू प्राध्यापकांना काढण्यात आले, त्यास विरोध केल्याबद्दल टिनबर्गन यांना १९४२ पासून दोन वर्षे बंदिवासात काढावी लागली.

ज्या माणसाने पाखराच्या पिलाचे रडणे ऐकून रात्री जागून काढल्या, त्याला शेजारच्या माणसांचे दुःख ऐकू आले नाही. हे असे का झाले, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्या चरित्रात सापडत नाही.

१९४१ साली त्यांना सैन्यात जावे लागले. वैद्य म्हणून रशियाच्या आघाडीवर असताना १९४४ साली विटेब्स्कजवळ ते पकडले गेले. पुढची सुमारे चार वर्षे रशियनांच्या कैदेत गेली. त्यांपैकी बराच काळ आर्मेनियात. तेथे ते आजारी कैद्यांवर उपचार करीत आणि उरलेल्या वेळात ग्रंथ लिहीत. कागद म्हणून सिमेंटच्या पिशव्यांचे तुकडे, आणि शाई म्हणून जखमा धुण्याचे जांभळे औषध. सुटकेची वेळ आली तेव्हा रशियन अधिकाऱ्याने त्यांच्याकडून वचन घेतले, की या लेखनात शास्त्राशिवाय दुसरे काही नाही. आणि शब्दावर विश्वास ठेवून ते लेखन नेण्याची परवानगी दिली. १९४८ च्या फेब्रुवारीत कोनराड लोरेन्झ घरी परतले. अंगावर फाटके कपडे, बगलेत ते हस्तलिखित आणि बरोबर कैदेत माणसाळवलेला एक स्टार्लिंग पक्षी. ग्रेटलने तोवर शेती करून मुलांना जगवले होते.

दुसऱ्याच वर्षी त्यांचे पाखरांच्या गोष्टींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला नाव दिले होते सॉलोमन राजाच्या अंगठीवरून. ती अंगठी घातली की पशुपक्ष्यांची भाषा समजे, अशी जुनी कथा आहे. हे पुस्तक अनेक भाषांत गेले आणि लोरेन्झ यांचे नाव घरोघरी पोहोचले. १९४९ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे एका परिषदेत टिनबर्गन आणि ते पुन्हा भेटले. ज्याच्या देशबांधवांनी कैदेत टाकले त्याच्याशी हात मिळवणे टिनबर्गन यांना सोपे गेले नसेल; पण त्यांनी तो मिळवला.

१९५० पासून जर्मनीत लोरेन्झ यांच्यासाठी संशोधनसंस्था उभी राहिली. पुढे ती बव्हेरियातील एका तळ्याकाठी, झेविझेन येथे नेण्यात आली. तेथे कलहंसांचे थवे मोकळे राहत आणि हातांनी वाढवलेल्या पिलांमागे अभ्यासक दिवसभर फिरत. १९७३ साली लोरेन्झ, टिनबर्गन आणि मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश या तिघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. तेव्हा त्यांच्या जुन्या लेखनाची आठवण जगाने त्यांना करून दिली. आपण नात्सींच्या भाषेत लिहिले याचा पश्चात्ताप त्यांनी त्या वेळी व्यक्त केला. तो पुरेसा होता किंवा कसे, याविषयी मतभेद राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, २०१५ साली, साल्झबर्ग विद्यापीठाने त्यांना दिलेली सन्मान्य पदवी याच कारणास्तव परत घेतली.

बदकाच्या पिलांमागे रांगून मिळवलेले ज्ञान मात्र पुढे अनेक ठिकाणी उपयोगी पडले. नष्ट होत चाललेल्या क्रौंच पक्ष्यांची पिले अमेरिकेत वाढवताना माणसे क्रौंचासारखे पांढरे झगे घालतात आणि पिलांसमोर बोलत नाहीत. नाहीतर ती माणसालाच आपला जातभाई समजतील. आपल्या देशात माळढोक पक्षी फार थोडे उरले आहेत. राजस्थानात जैसलमेरजवळ २०१९ पासून त्यांची रानातील अंडी आणून यंत्रात उबवण्यास व पिले हातांनी वाढवण्यास आरंभ झाला. पिलाने पहिल्या तासांत कोणाला पाहावे, हा प्रश्न तेथेही उभा असतोच.

झेविझेनहून निवृत्त झाल्यावर लोरेन्झ आल्टेनबर्गला, लहानपणीच्या त्याच घरी परतले. डॅन्यूबवर हाइनबुर्ग येथे वीजनिर्मितीसाठी धरण बांधून काठचे जुने रान बुडवण्याचा बेत १९८४ साली झाला, तेव्हा हजारो लोक कडाक्याच्या थंडीत त्या रानात जाऊन बसले. ऐंशी वर्षांचे लोरेन्झ या चळवळीच्या पाठीशी उभे राहिले. १९८५ साली निघालेल्या जनतेच्या अर्जाला त्यांचेच नाव दिले होते. धरण झाले नाही. १९९६ साली ते रान राष्ट्रीय उद्यान म्हणून राखले गेले. ते पाहण्यास लोरेन्झ मात्र नव्हते. १९८६ साली ग्रेटल वारली आणि २७ फेब्रुवारी १९८९ रोजी त्यांचाही अंत झाला.

ऑस्ट्रियातील ग्रुनाऊ या डोंगराळ गावी त्यांनी म्हातारपणी नेऊन वसवलेला कलहंसांचा थवा अद्याप नांदतो आहे. तेथील अभ्यासक प्रत्येक हंसाला नाव देतात, पायात रंगीत कड्या घालतात आणि कोणाची जोडी कोणाशी जमली, कोणाची किती पिले जगली, याची वही ठेवतात. आपल्याकडे हिवाळ्यात तापीवरील हतनूर धरणाच्या जलाशयावर दूर उत्तरेकडून बदके उतरतात. फेब्रुवारी संपता संपता ती परत निघतात, आणि त्याच सुमारास ग्रुनाऊच्या हंसिणी घरट्यासाठी जागा शोधू लागतात.